बुरूलची सीट

थंडी पडली की जुनी बॅटरी अंग चोरते, हे किर्गिझस्तानातल्या काराकोलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण टोक्टोसूनच्या विजेवरच्या टॅक्सीची बॅटरी यंदा फारच भराभर उतरायला लागली. शहरात एक फेरी मारून येईस्तोवर काटा तळाला. गाडी गेली तर रोजीरोटी जाईलच. पण बाजारात दही विकायला जाताना त्याची बायको बुरूल रोज जिथं शेजारी बसायची, ती गाडी मोडीत घालायची त्याची तयारी नव्हती.

आधीच ती गाडी जुनी घेतलेली. त्यानं बॅटरी जिवापाड जपली. काठोकाठ भरायची नाही, तळापर्यंत उतरवायची नाही, हिवाळ्यात हीटर बंद. बुरूल शालीत कुडकुडत म्हणायची, "बॅटरीला जपतोस त्याच्या निम्मं बायकोला जप की रे!" दोघंही हसायची. यंदाच्या पानगळीत छातीत कफ धरून ती गेली.

गॅरेजवाला सिर्गाक त्याला आके, म्हणजे दादा म्हणायचा. त्यानं यंत्र जोडून पाहिलं.

"आके, बॅटरी ठणठणीत आहे. शेजारच्या सीटचा हीटर चालू ठेवता आणि वर मलाच विचारता!"

"तिथं कुणी बसतच नाही."

"मग बटण अडकलं असेल." सिर्गाकनं सीटखालची वायर ओढून काढली, गुंडाळून त्याच्या हातात दिली. मग आवाज उतरवून म्हणाला, "गुरुवारी वहिनीसाठी तेल तापवता ना? गेलेल्या माणसाला तळणीचा वासच पोचतो."

"तळतो की कणकेचे बोर्सोक. करपतात मेले. ती असती तर फेकून मारले असते."

परतताना बर्फ भुरभुरू लागलं. काटा पुन्हा घसरत होता. टोक्टोसूनच्या सीटचा हीटर आधीच बंद होता. त्यानं गाणीही बंद केली. काटा घसरतच राहिला.

त्यानं हातमोजा काढून शेजारच्या सीटवर हात ठेवला.

सीट गरम होती.

वायर त्याच्या खिशात होती.

भीती वाटायला हवी होती. त्याला रडू फुटलं. "घे गं," तो म्हणाला, "लागेल तेवढी ऊब घे. आता नाही बंद करणार."

घराचं धुराडं दिसू लागलं आणि गाडी थांबली. सगळे दिवे विझले. गारठा आत शिरला.

तिच्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

टोक्टोसूननं आपला श्वास रोखला.

वाफ धरतच राहिली.