बरण्यांमागचे वेप

“फक्त नाव सांगा मला. सात पिढ्या लक्षात ठेवतील असा धडा शिकवतो!”

कोपऱ्यावरचे दुकानदार शेठ खुर्चीत टेकलेसुद्धा नव्हते. खासगी तपास करणाऱ्या मावशी शांतपणे चष्मा पुसत होत्या. त्यांच्या मदतीला असलेला भाचा मनात म्हणाला, या माणसाचा राग म्हणजे नुसता वणवा आहे.

प्रकरण साधंच होतं. शेठच्या दुकानासमोर शाळा. मुलांना वेप, म्हणजे ई-सिगारेटी, विकतात अशी निनावी तक्रार गेली, निरीक्षक आले आणि गोळ्यांच्या बरण्यांमागे मूठभर वेप सापडले. उद्याच्या सुनावणीत परवाना कायमचा जाणार होता.

“असली वस्तू मी जन्मात हातात धरली नाही,” शेठ दातओठ खात म्हणाले. “कुणीतरी आणून ठेवलीय.”

मावशी लगेच दुकानात गेल्या. निरीक्षकही वेपांची पिशवी घेऊन आले.

“पहिल्याच बरणीमागे सापडले,” ते म्हणाले. “मग बाकीचं दुकान कशाला उपसायचं?”

भाच्याने एक वेप उचलला. अंगठा चौकोनी चिकट डागाला चिकटला. इकडे दाबलं, तिकडे दाबलं, वेप ढिम्म.

“अहो, आणा इकडे!” शेठनी तो हिसकावला, निरीक्षकांशी बोलता बोलताच बूड फिरवून दोनदा टिचकी मारली. निळा दिवा लागला.

उकाडा मरणाचा होता. भाच्याने थंड पाणी मागितलं.

“फ्रिज बिघडलाय,” शेठ म्हणाले. फ्रिजला कुलूप होतं. भाच्याने कोमट पाण्यावर भागवलं.

समोर शाळेलगत दुकान असलेल्या दुकानदाराने मावशींना आडपडदा न ठेवता सांगितलं, “त्याचं दुकान बुडालं तर मी गावभर तोंड गोड करीन. पण आमच्यातून विस्तव जात नाही. वर्षभरात त्याच्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही, कुणालाही विचारा!” मावशींनी विचारलं. आळीभर तेच उत्तर मिळालं.

उरल्या शेठच्याच दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाई. त्यांच्या बाटलीवर, डब्यावर, छत्रीवरसुद्धा नाव लिहिलेली कागदी चिकटपट्टी होती.

“शाळेतली सवय हो,” बाई हसल्या. “वर्गात कुणाचं काय ठेवून घेतलं, की त्यावर आधी नावाची पट्टी लावायची. म्हणजे घोळ होत नाही.”

“शिकवणं का सोडलंत?”

“मुलगा आजारी पडला. फुप्फुसं.” बाईंचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी सुनावणीआधी मावशींनी सगळ्यांना दुकानात जमवलं.

“शेठ, हे वेप बाहेरूनच आले. प्रत्येकावर पट्टी काढल्याचा चिकट डाग आहे. विकायच्या मालाला अशी पट्टी कोण लावतं? ती लागते मुलांकडून काढून घेतलेल्या वस्तूंवर. समोरचे तर इथं पाऊलही टाकत नाहीत. बाई, हे तुम्ही ठेवलेत.”

बाईंनी मान खाली घातली नाही.

“हो, मीच! माझ्या चौदा वर्षांच्या पोराला यानं हे विष विकलं. आज तो एक जिना चढला तरी धापा टाकतो. वर्गातल्या मुलांकडे हेच सापडलं, पण तोंड उघडायला आईबाप तयार नाहीत. का, तर घरची अब्रू! मग मीच इथं नोकरी धरली. याचा साठा काही सापडेना. म्हणून याचाच माल याच्या घरी परत आणला.”

शेठनी टाळी वाजवली. “ऐकलंत ना साहेब? हिला आत टाका, माझा परवाना द्या!”

“थांबा,” मावशी म्हणाल्या. “माझ्या भाच्याला वेप चालू करता येईना. जन्मात हातात न धरलेल्या तुम्ही मात्र न बघता चालू केलात. आणि बिघडलेल्या फ्रिजला कुलूप कशाला? आतून काय चोरीला जाणार, थंडावा?”

भाच्याने कपाळावर हात मारला.

“किल्ली हरवलीय,” शेठ पुटपुटले. निरीक्षकांनी त्यांच्या कमरेचा जुडगा काढून घेतला. फ्रिज वरपासून खालपर्यंत रंगीबेरंगी वेपांनी ठासून भरला होता.

“बाई, घाई केलीत,” मावशी म्हणाल्या. “तुमचे मूठभर सापडले, म्हणून साहेबांनी हा फ्रिज उघडलाच नाही. बदला घ्यायला गेलात आणि त्यालाच वाचवून बसला होतात.”

बाई मटकन स्टुलावर बसल्या.

“अहो, मी नेमलं होतं तुम्हाला!” शेठ मावशींवर ओरडले.

“नाव शोधायला. दोन सापडली.”

शेठ बाईंकडे वळले. “खोटा पुरावा ठेवलास तू! तूसुद्धा सुटणार नाहीस!”

“नाही सुटले तर नाही,” बाई उठल्या. “माझं मी भोगीन. पण पुढे तुम्ही व्हा, शेठ. तुम्हाला नेताना मला डोळे भरून बघायचंय.”