बरोबरचं कोण?

"बरोबरचं कोण आलंय?" नर्सनं विचारलं, आणि दवाखान्यात एकटीच आलेल्या तिच्या तोंडचं पाणी पळालं.

भाऊ येणार होता, पण ऐनवेळी त्याची गाडी बंद पडली. गुंगीचं औषध दिल्यावर एकटीला घरी सोडत नाहीत. आणि तिच्या आतड्यातली अरुंद झालेली जागा आज दुर्बिणीतून फुगा घालून रुंद केली नाही, तर ऑपरेशनच करावं लागणार होतं.

"मी आहे," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

तिनं चमकून पाहिलं. ओले केस, अंगाला तरणतलावाच्या पाण्याचा वास... माणूस साफ अनोळखी! तो पोहायला शिकवायचा. आपल्या मावशीला तपासणीसाठी घेऊन आला होता. मावशी आ वासून त्याच्याकडे बघत राहिली.

"नातं?" नर्सनं विचारलं.

"ते... ठरायचंय."

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं — आणि मान मात्र होकारार्थी हलली.

जाग आली तेव्हा सगळं धूसर होतं. तिची पर्स त्यानं तान्ह्या बाळासारखी धरली होती.

"जागा मोकळी झाली," तो म्हणाला. "पोट फार दुखलं, ताप आला, तर लगेच परत यायचं."

"मी गुंगीत काही... बोलले?"

"बोललात की!"

"काय?"

तो लाजला. मावशी गालातल्या गालात हसली. दोघांनी तिला घरी पोचवलं.

मग रोज संध्याकाळी त्याचा फोन. "पोट कसं आहे?" एवढं विचारून ठेवून द्यायचा. ही माया, की नुसतं कर्तव्य? काही कळेना. ती नाटकांचे कपडे शिवायची. त्या गोंधळात राजाच्या अंगरख्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावून बसली.

शेवटी एकदा फोनवर तिला राहवलं नाही.

"रोज पोटाचंच का विचारता हो?"

"बाकीचं विचारायची... भीती वाटते."

तिनं हातातली सुई खाली ठेवली. "हे दुखणं जन्माचं आहे. जागा पुन्हा आवळेल, पुन्हा फुगा..."

"ठाऊक आहे. डॉक्टरांनी मलाच सांगितलं. तुम्ही घोरत होतात."

"मी घोरत नाही!"

"नसालही. खात्री करून घेईन — जन्मभर वेळ आहे."

हसावं की रडावं, तिला समजेना.

"आहात कुठं तुम्ही?"

"तुमच्या फाटकाशी. बेल वाजवू की नको... कळत नाहीये."

"थांबा तिथंच!" म्हणत ती अनवाणीच जिना उतरली.