खरवडलेला चेहरा

सरदार घराण्यातल्या मार्कीजबाई वारल्या आणि वर्षाच्या आत त्यांच्या घरात सून आली. तिचं चित्र हवं म्हणून कारभारी आमच्या सँ-झाक रस्त्यावरच्या, तांब्यावर चित्रं कोरून छापायच्या दुकानात आला.

"सासूबाईंच्या चित्राचा तांब्याचा पत्रा आहे ना तुमच्याकडे? झगा, मोती, घराण्याचं चिन्ह तेच राहू द्या. डोकं तेवढं बदला."

आमच्या धंद्यात हे रोजचंच. मी म्हातारीचा चेहरा खरवडला, पत्रा मागून ठोकून सपाट केला, घोटला. तांब्याचा कीस भंगारवाल्यासाठी वाटीत जमवून ठेवला. सूनबाईंना बसायला सवड नव्हती, म्हणून माझ्या पेरिनला खिडकीत बसवलं आणि नवा चेहरा तिच्यावरून कोरला. आईविना वाढलेली माझी एकुलती लेक. दमली, पण कुरकुरली नाही.

पहिले नऊ छाप सुरेख आले. दहावा ओला कागद उचलताना छापणारा मातुरँ हसला.

"मालक, म्हातारी काही जागा सोडत नाही! सुनेच्या भुवईत तिचीच खाच बघा."

लहानपणी घोड्यावरून पडून मार्कीजबाईंची भुवई फाटली होती. ती खाच मीच कोरली होती आणि मीच पुसली होती.

"माझंच घोटणं कच्चं," मी म्हणालो. पण पत्र्यावर बोट फिरवलं तर काही लागेना.

दुपारी पेरिन सूप घेऊन आली. तिच्या भुवईत खाच होती.

"कुठे आपटलीस गं?"

"कुठे काय, बाबा? तुमचे डोळे दमलेत."

ती आत गेल्यावर मी हत्यार घेऊन पत्र्यावरची भुवई खरवडली. एकदाच. स्वयंपाकघरात पेरिन किंचाळली. धावत गेलो तर तिच्या गालावरून रक्त ओघळत होतं.

इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. मातुरँला घरी पाठवलं. पत्र्याला मेण लावून तो पेटीत बंद केला. आता छापायचं नाही, खरवडायचं नाही. पोर वाचली म्हणजे झालं.

परत आलो तेव्हा पेरिन खिडकीत ताठ बसली होती. मांडीवर किसाची वाटी. तांदळातले खडे निवडावेत तसा ती एकेक कण वेचून तळहातावर ठेवत होती.

"पोरी, जखम बघू दे."

तिने माझा हात बाजूला सारला. वर पाहिलंही नाही.

"कारागिरा, थोडा कमी पडतोय," ती म्हणाली. "बाकीचा कुठे टाकलास?"