डार्टमूरवरचा खलाशी

मृणालला एका मेलेल्या खलाशाचा दगड शोधायचा होता, आणि तोही महिना संपायच्या आत!

खलाशाचं नाव इलायजा. अमेरिका हे राष्ट्र अजून नवंकोरं होतं, तेव्हा १८१२ साली त्याची इंग्लंडशी पुन्हा जुंपली. पकडलेल्या अमेरिकन खलाशांना इंग्लंडातल्या डार्टमूरच्या उजाड पठारावरच्या तुरुंगात कोंडलं गेलं. पुढे तह झाला, सह्या झाल्या, लढाई संपली. पण या माणसांना घरी पोचवायचं कोणी, यावर दोन्ही सरकारं हुज्जत घालत बसली! त्या घोळाला वैतागून इलायजा एके दिवशी तुरुंगातून निसटला आणि पठारावरच मेला. सुटका झाल्यावर सोबत्यांनी त्याच्या नावाचा दगड तिथे आडवा ठेवला, असं मेंढपाळ सांगत आले होते. अभ्यासकांनी मात्र इलायजाला दंतकथेत ढकलून दिलं होतं. मृणालने ऐन उमेदीची वर्षं त्याच्यापायी घालवली होती, आणि कार्डिफच्या विद्यापीठातली तिची नोकरी महिनाअखेर संपत होती. दगड मिळाला, तर इलायजा खरा ठरणार, तिचं पुस्तक निघणार. नाहीतर दोघांचंही नाव पुसलं जाणार.

सोबत होते वडिलांचे मित्र चंद्रशेखरकाका, मँचेस्टरच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेले डॉक्टर, आणि त्यांचा तिथेच जन्मलेला मुलगा क्षितिज. मोहिमेचं पुढारीपण काकांकडे आपोआप गेलं. तरुणपणी त्यांनी सह्याद्रीतले गड पालथे घातले होते, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. खाणं, कॅमेरा, मृणालचा फोनसुद्धा एकाच सॅकमध्ये भरून ती त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतली. "तुम्ही मुलं काहीतरी पाडाल!"

दुपारी ते पठारावर फिरत असताना धुकं उतरलं. आधी लांबचे खडक गेले, मग मेंढ्या गेल्या, मग पुढचं गवतही दिसेनासं झालं. क्षितिजच्या फोनवरच्या नकाशाने एकदा गचका खाल्ला आणि फोनच बंद पडला.

"बाबा, बॅटरी मेला," तो म्हणाला. "खडकांवर जाऊ या ना? It's safer up there."

"खडक? वेडा आहेस का! धुक्यात खडक म्हणजे पुढे कडा. कोकणकड्यावर आम्ही काय शिकलो? सपाटी सोडायची नाही!"

सह्याद्रीत हे शंभर टक्के खरं होतं. पण इथे कडा नव्हताच! इथे खडक म्हणजे घट्ट जमीन, आणि हिरवीगार सपाटी म्हणजे दलदल. सकाळीच मुक्कामाच्या घरमालकिणीने मृणालला बजावून सांगितलं होतं.

"काका, मला वाटतं, त्या बाई म्हणत होत्या की—"

"अगं, मी गडांवर चढत होतो तेव्हा तुझा जन्म तरी झाला होता का?"

मृणालने वाक्य अर्धंच सोडलं. मोठ्या माणसाला तोंडावर चुकीचं ठरवायचं नसतं, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं होतं. क्षितिजनेही मान खाली घातली. तिघं गालिच्यासारख्या मऊ हिरवळीवरून चालत राहिले. पायाखालची जमीन हलकेच डुलत होती, आणि तरी कोणी बोललं नाही.

चुबुक!

काका कमरेपर्यंत आत गेले! चष्मा उडाला. क्षितिज पुढे झेपावला, तोही गुडघ्यापर्यंत फसला. मृणालने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं.

"हलू नका काका! सॅक सोडा!"

सॅक सुटली आणि चिखलाने गिळली. कॅमेरा गेला, फोन गेला. क्षितिज पालथा पडला, बापाचे हात धरून ओढू लागला. उपयोग नाही! काका छातीपर्यंत रुतले होते. त्यांचे ओठ निळे पडले.

"पायाखाली काही नाही रे," ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "काहीच लागत नाही."

मृणाल खडकांकडे धावली. फांदी, फळी, काहीतरी! झुडपांत ती ठेचकाळून पडली आणि तिच्या तळव्याखाली कोरीव खाच आली. पाटाएवढी पातळ फरशी. तिने शेवाळ खरवडलं. १८१५. त्याखाली एक ओबडधोबड जहाज. त्याखाली नाव, अर्धं झिजलेलं, पण नावच! इलायजा!

ती रडायला लागली. दोन सरकारांनी वाऱ्यावर सोडलेला माणूस तिला सापडला होता, अगदी बोटांखाली.

"मृणालताई!" क्षितिज किंचाळला. "Please!"

तिने फरशी उचलून पाहिली. जड होती, पण हलत होती. आणि या उघड्या पठारावर दुसरं काहीच नव्हतं. तिने ती ओढत आणली. क्षितिजची नजर अक्षरांवर पडली.

"ताई, हा तर ती..."

"ढकल!"

दोघांनी ढकलली. फरशी उलटी होऊन काकांच्या छातीपुढे आडवी पडली. काकांनी कोपर टेकवलं, मग दुसरं. "ओढ!" एक गुडघा वर आला. "ओढ, क्षितिज!" फरशी कलली, काकांचा दुसरा पाय तिच्यावर पडला, आणि ते दोघांच्या अंगावर कोसळले.

मागे फरशी बुडाली, दोन बुडबुडे फुटले. हिरवळ पुन्हा जुळून आली, जणू तिथे काही नव्हतंच. मृणाल तिकडे बघत राहिली. धुक्यात ही जागा पुन्हा ओळखता येणार नव्हती, आणि आली असती तरी त्या चिखलाला तळ नव्हता.

मग ते खडकाखडकाने चालले. या वेळी वाट मृणाल सांगत होती आणि काका निमूट ऐकत होते. रस्ता लागला, गाडी सापडली. मागच्या सीटवर क्षितिजच्या शेजारी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले काका थरथरत होते.

"कुठला तरी दगड मिळाला तुला, म्हणून जगलो," ते म्हणाले. "माझ्या हट्टापायी तुझा दिवस वाया गेला गं. तुझा तो दगड कुठे दिसला का?"

क्षितिजने तोंड उघडलं. मृणालने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

"नाही काका. नाही सापडला."

"अरेरे! म्हणजे ते अभ्यासक म्हणतात तेच खरं? असा कोणी खलाशी नव्हताच?"

मृणालने गाडी सुरू केली.

"हो काका," ती म्हणाली. "नव्हताच."