दोरी काप, चेपान

यातला एक शब्द जरी पदरचा असेल, तर माझा हा हात झडो. मी स्वतः तिथे होतो.

तातार दुसऱ्यांदा हंगेरीत घुसले ते साल बाराशे पंच्याऐंशी. फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणानंतरचा तिसरा दिवस. भर दुपार होती, पण धुकं असं की गडाच्या दरवाजासमोरचा पूलसुद्धा दिसेना.

खालचं गाव आम्हीच जाळलं होतं. धान्य, डुकरं, माणसं, सगळं वर, दगडी तटाच्या आत. माझी इल्का आणि तीन महिन्यांचं पोरही आत. हुकूम एकच... कोणीही हाका मारो, दरवाजा उघडायचा नाही.

दरवाजावर आम्ही दोघंच. खटक्याचं धनुष्य घेऊन मी, आणि चेपानकाका. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, तातारांच्या पहिल्या स्वारीत, मोहीच्या लढाईतून जिवंत सुटलेला म्हातारा. मला नेम धरायला त्यानेच शिकवलं.

"तेव्हा कुठला आलाय दगडी तट, पोशा!" तो म्हणाला. "गाड्यांचं रिंगण केलं, साखळ्या बांधल्या. आत तंबू इतके खेटून की दोरीत दोरी. घोडा वळेना. तातारांनी तीन बाजूंनी बाण ओतले आणि एक बाजू मोकळी सोडली."

"दया आली वाटतं त्यांना?"

"दया कसली, गाढवा! पळणाऱ्याला मारणं सोपं. आम्ही चिलखतं फेकून पळालो. दोन दिवस मागून कापत होते आम्हाला. दलदलीत."

तेवढ्यात वास आला...

सडक्या मांसाचा. ओल्या लोकरीचा. मी बाहीने नाक दाबलं.

मग आवाज...

पचक्. पचक्. चिखलातून पाय उपसल्यासारखा.

बाहेर जमीन गोठून टणक झाली होती. चिखल येणार कुठून?

मी दरवाजातल्या भोकातून पाहिलं. नुसतं धुकं.

आणि दरवाजाच्या फळीच्या अगदी पलीकडून, कोवळ्या आवाजात...

"दोरी काप, चेपान."

काका पांढराफटक पडला. "मिको... माझा धाकटा भाऊ. तंबूच्या दोरीत पाय अडकला होता त्याचा. सुरी माझ्या कमरेलाच होती रे. पण मी त्याच्या छातीवर पाय देऊन पळालो."

शी! याच माणसाच्या मांडीवर बसून मी लहानपणी सफरचंदं खाल्ली होती. मला त्याची शिसारी आली.

तो दरवाजाच्या अडसराकडे धावला. मी त्याला पाडलं, बादलीच्या दोरीने भिंतीतल्या कडीला करकचून बांधलं.

"सोड, लेका..."

"काका, गप! आत माझं पोर आहे!"

"मिको बाहेर नाही, पोशा... आत आलाय. माझ्या पायाशी आहे. दोरी काप!"

सुरी माझ्या कमरेलाच होती.

मी पाठ फिरवली. भोकाला डोळा लावला. मागे पचक्... पचक्... मग काहीतरी घुसमटल्यासारखं.

मी वळलो नाही.

बऱ्याच वेळाने धुकं विरलं. पुलापलीकडे चाळीसेक तातार घोडेस्वार चिडीचूप उभे होते. दरवाजा उघडण्याची वाट पाहत. थोड्या वेळाने ते निघून गेले.

तेव्हा मी वळलो.

काका दोरीत लोंबत होता. मेलेला. तोंडात काळा चिखल ठासून भरलेला, लव्हाळ्याच्या मुळांसकट. मी बोटं घालून तो काढला...

चिखल कोमट होता. आणि खालची फरशी कोरडी ठणठणीत.

गड वाचला. लोक अजून माझी पाठ थोपटतात. थू! मला माझीच किळस येते.

परवा इल्का विचारत होती, "अहो, दाराशी हा चिखल कोणी आणला? बाहेर तर सगळं गोठलंय."

धुकं पडलं की मला ऐकू येतं... पचक्, पचक्. आता दोघांचे पाय असतात.

आणि काकाचा आवाज. तेच तीन शब्द, फक्त नाव माझं.

मी सुरी काढतो, धावत जाऊन दार उघडतो. बाहेर कोणी नसतं. कापायला दोरीही नसते.