बांधावरची हिरवी चौकट

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण प्रविण थापा मारणारा गडी नाही. हे सांगताना त्याने माझं मनगट धरलं होतं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

गेल्या श्रावणातली अमावास्या. वेळ भर दुपारची. जागा, पेण तालुक्यातला खाडीकाठचा एक बांध.

अमावास्येला दुपारी उधाण येतं. बांध फुटला की खारं पाणी थेट भातात. म्हणून प्रविणचे वडील दत्तात्रेय उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराशी, राखणीला बसले होते.

त्यांच्याकडची रीत अशी, की घरून कुणी बोलवायला आल्याशिवाय राखणदाराने बांध सोडायचा नाही.

घरात बापलेक दोघंच. प्रविण रोह्याला कंपनीत, शिफ्टवर. शेजारच्या नितेशला बोलवायला पाठवणार होता... आणि साफ विसरला.

भिस्त कॅमेऱ्यावर. गावाने बांधावर बसवलेला, सगळा बांध एका नजरेत घेणारा कॅमेरा. जे हलेल त्याभोवती तो हिरवी चौकट काढायचा. माणूस असो, कुत्रा असो, बगळा असो. हलायचं थांबलं की चौकट विझायची.

जेवणाच्या सुट्टीत प्रविणने मोबाईल उघडला.

पाणी बांधाच्या माथ्याला टेकलेलं. बाबा उघाडीपाशी गप्प बसलेले.

आणि गावाकडून एक चौकट येत होती...

माणसाच्या उंचीची. संथ.

आत कुणीच नव्हतं.

ती बाबांपाशी आली. थांबली... विझली.

प्रविणने डबा बाजूला सारला. त्याने फोन लावला.

"बाबा, उठा! पाणी बघा किती चढलंय!"

"उठतोय रं. तुजी आय आलीय ना बोलवायला."

बायजाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"आय कुठं हाय आता? बाबा, तिच्यामागं नका जाऊ!"

"का? जेवाण थंड व्हतंय म्हनते."

फोन बंद.

चौकट पुन्हा उमटली. चालू लागली. मागोमाग बाबा.

दोघं दिसेनाशी झाली, आणि मिनिटभरात बांध खचला. बरोबर बाबा बसले होते तिथेच.

प्रविण धापा टाकत घरी पोचला, तर बाबा ओटीवर धडधाकट! त्यांना मिठी मारून तो लहान पोरासारखा रडला.

रात्री त्याने ते चित्रण पुन्हा पाहिलं.

चालणाऱ्या बाबांभोवती चौकट नव्हतीच...

बांध आता दुरुस्त झालाय. बाबा रोज तिथे फेरी मारतात. कुत्र्याभोवती चौकट येते, बगळ्याभोवती येते. बाबांभोवती येत नाही.

त्यांच्या पुढे मात्र एक रिकामी चौकट चालत असते.

बाबा जेवतात, चहात साखर कमी पडली की कटकट करतात. कॅमेरेवाला म्हणतो, सेटिंग बिघडलंय. प्रविण मान डोलावतो. पण झोपण्याआधी तो रोज बाबांचा हात हातात घेऊन बघतो.

"गरम हाय रे अजून," कालच मला म्हणाला.