कपाला बांधलेला दोरा

"आत्या, ती गोळी तोंडात घातली नाहीस ना? आधी ते सांग!"

फोन स्पीकरवर होता. सांगलीच्या औषधाच्या दुकानातून विष्णूचा आवाज रेगेन्सबर्गच्या त्या स्वयंपाकघरात असा काही घुमला, की पोळी लाटणाऱ्या कौमुदीचे हात पोळपाटावरच थिजले. तिच्या सासूबाई, शैलाताई, म्हणजे तिच्या माई, टेबलाशी बसल्या होत्या आणि त्यांच्या तळहातावर एक गोळी होती. फुलवाती शोधायला म्हणून त्यांनी देवघराचा खालचा खण उघडला, तिथे औषधाची बाटली मिळाली. गुडघे ठणकत होते, जर्मनीतलं औषध म्हणजे गुणकारीच असणार, म्हणून फोटो काढून भाच्याला विचारलं होतं, गुडघ्याला चालेल का रे?

"नाही बाबा, अजून नाही घेतली. का? फार कडक आहे होय?"

"कडक कसली! अगं, ती एचआयव्हीची गोळी हाय! एड्सवाल्यांची! तुला कुणी दिली?"

गोळी हातातून निसटली आणि घरंगळत फ्रिजखाली गेली. माईंनी फोन बंद केला. आधी देवघराकडे बघितलं, मग सुनेकडे.

"कौमुदी, माझ्या देवांच्या पायाशी हे काय ठेवलंयस?"

एक वाक्य! एकच वाक्य बोलली असती, तर कौमुदी त्या क्षणी मोकळी झाली असती. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला खालच्या मजल्यावरची एक पोटुशी बाई लटकत होती.

मुताले. तिच्या धाकट्या दिराची, सुमितची बायको. झांबियाची मुलगी, इथल्या वृद्धाश्रमात नर्स. दिवस भरत आले होते तिचे. लग्नाआधीच तिने सुमितला सगळं स्वच्छ सांगितलं होतं : मला हा आजार आहे, रोज एक गोळी घेते, गोळीमुळे रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही, तुला लागण व्हायची नाही, मूलही धडधाकट होईल. सुमित डॉक्टरकडे जाऊन खात्री करून आला आणि मगच त्याने लग्न केलं. तेव्हा शूर होता तो! पण लग्नानंतर मुतालेची मावशी, ग्रेस, न्युर्नबर्गहून बाळंतपणाला येऊन राहिली. मायाळू बाई, पण घरातला एक कप्पा न उघडता राहायची नाही, आणि तिच्या प्रार्थनासभेतल्या बायकांना एक गोष्ट कळली, की ती हाम्बुर्गपर्यंत पोचायची. म्हणून मुताले एक दिवस बाटली घेऊन वर आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "वहिनी, माझी बहीण ब्वाल्या याच आजाराने गेली. आमच्याकडे सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. पण रांगेत उभं राहिलं की सगळा गाव बघतो. ती गोळ्या मक्याच्या पिठात लपवायची. सासरच्यांसमोर पीठ उपसता येईना, आणि गोळ्या चुकत गेल्या."

औषध फुकट होतं. ते गिळायला आडोसा नव्हता! जगातले शहाणे म्हणतात, आफ्रिकेतली माणसं रोगाने मरतात. अर्धं खरं आहे ते. उरलेली अर्धी शेजाऱ्यांच्या डोळ्यांनी मरतात, आणि ते डोळे विमानात बसून जर्मनीतही येतात.

देवाच्या खणाला कोण हात लावणार, असं म्हणून कौमुदीने ती बाटली तिथे ठेवली. रोज संध्याकाळी दिवा लागला, की मुताले वर यायची, हात जोडायची, आणि कौमुदी तिच्या तळहातावर प्रसादाच्या साखरेबरोबर ती गोळी ठेवायची. माई सांगलीहून आल्यावरही हे चुकलं नाही. उलट माईंना केवढं अप्रूप! फोनवर साऱ्या नात्यागोत्यात सांगून झालं होतं, "परदेशातली सून, पण दिवेलागणीला रोज हजर! आपल्या पोरी बघा जरा!"

...आणि आता माई उत्तराची वाट बघत होत्या.

"माझ्या आहेत, माई," कौमुदी म्हणाली.

माईंची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. हरीश. त्यांचा थोरला, कौमुदीचा नवरा. मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून इथे आला, संसार मांडला, आणि ऐन उमेदीत हृदय बंद पडून गेला. मूलबाळ नाही.

"म्हणजे माझ्या हरीशला... तो यानेच..."

"नाही!" कौमुदी जवळजवळ ओरडलीच. "त्यांचा काही संबंध नाही! हे... हे ते गेल्यानंतरचं आहे."

बोलून गेल्यावर तिला उमजलं, आपण काय बोललो ते. नवऱ्याचं नाव वाचवायला तिने स्वतःच्या चारित्र्यावर आपल्याच हाताने शाई ओतली होती. माईंनी पदर तोंडाला लावला.

"शिव शिव! त्याचा हार सुकायच्या आत?"

त्या संध्याकाळी सुमित जिन्यात भेटला. माईंनी त्याला बोलावून सगळं सांगितलं होतं.

"वहिनी, तुम्ही... तुमचे उपकार..."

"उपकार राहू द्या. आता तुम्ही माईंना खरं सांगा. हळूच सांगा, पण सांगा."

"गेनाऊ, अगदी बरोबर, सांगणारच आहे. पण आत्ता नको. आईने मुतालेचा रंग कसाबसा गिळलाय, हे नाही गिळायची. बाळंतपण होऊ दे, बारसं होऊ दे. थोडेच दिवस, वहिनी! तुम्ही काय, तुम्ही सोसता."

तुम्ही सोसता! कारखान्यात तपासनीस असलेला हा माणूस केसाच्या जाडीचे दोष शोधून काढत असे, आणि घरी त्याला एवढा मोठा अन्याय दिसत नव्हता. ज्याला ओझं पेलतं त्याच्या पाठीवर आणखी एक पोतं टाकायचं, ही आपल्या घरांची रीतच आहे, आणि त्या रीतीला आपण प्रेमाने 'मोठं मन' म्हणतो! कौमुदीला हे सगळं त्याच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. पण तेवढ्यात खालून मुतालेचं हसू ऐकू आलं, पोटाला हात धरून कशाला तरी हसत होती ती... आणि कौमुदीने ते शब्द गिळले.

"मुतालेला मात्र यातलं काही कळता कामा नये," ती म्हणाली. "या दिवसांत नको. आणि बारशाला मी आत्याच्या जागी बसणार आहे. तेवढं माझ्याकडून काढून घेऊ देऊ नका."

"शब्द देतो, वहिनी."

घराला लेक नव्हती, त्यामुळे बाळाचं नाव थोरल्या काकूने ठेवायचं, हे कधीचंच ठरलेलं होतं. स्वतःच्या रिकाम्या कुशीचं दुःख कौमुदीने कुणापुढे मांडलं नव्हतं. पण पाळण्यात वाकायचं, त्या इवल्या कानात नाव सांगायचं, एवढी एकच वासना तिच्या मनात दिव्यासारखी जपलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या चहाच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधलेला होता.

"चुकून बदलायला नको," माई तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

"माई, हा आजार कपाने, ताटाने, शिवण्याने होत नाही हो. डॉक्टरांना विचारा हवं तर."

"डॉक्टरांना काय होतंय सांगायला! उद्यापासून दिवा मी लावीन. आणि डिंकाच्या लाडवांना हात लावू नकोस. बाळंतिणीसाठी आहेत ते."

दैवाचा खेळ बघा! जिच्या हातचं खायला माई भीत होत्या तिला काही झालेलं नव्हतं. आणि जिला खरंच आजार होता, ती रोज तिन्हीसांजेला येऊन माईंचे गुडघे चेपून देत होती, तिच्या हातची मक्याची पेज माई ओरपत होत्या, आणि ठणठणीत होत्या!

कौमुदी आता गोळ्या कोटाच्या खिशात ठेवायची. मुताले दिव्याला येऊन खाली उतरायला लागली, की ओल्या कचऱ्याची बादली उचलून मागोमाग जायची आणि जिन्यात तिच्या मुठीत गोळी द्यायची. "जिन्यात का?" मुतालेने एकदा विचारलं. "माईंना खण लागतो आता," कौमुदी म्हणाली. एकही दिवस गोळी चुकू दिली नाही तिने.

मुलगी झाली. काळीभोर, गुटगुटीत, मुठी आवळून जगाला दम देणारी. तपासणी स्वच्छ आली. डॉक्टरांशी बोलून मुतालेने बाटलीने पाजायचं ठरवलं, आणि झांबियाची मावशी नि सांगलीच्या माई, एकीची भाषा दुसरीला कळत नसताना, अगदी एका सुरात म्हणाल्या, "अंगावर का नाही?" मुताले म्हणाली, दूध येत नाही. ग्रेस मावशी मात्र तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिच्या मुलखात बाटली म्हणजे आईला हाच आजार, असा अर्थ बायका लगेच लावतात.

कौमुदीने त्या पोरीला अजून हातात घेतलं नव्हतं. तशी वेळ आली, की माई मध्ये असायच्या. "सर्दी आहे वाटतं तुला," कधी. "हात धुतलेस का," कधी. आणि शेवटी नुसतीच नजर.

बारसं कौमुदीच्याच घरी होतं. भाड्याने आणलेला पाळणा, त्याला शेवंतीच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं, मराठी मंडळातल्या चार बायका, कोपऱ्यात डोक्याला रंगीत फडकं बांधलेली ग्रेस मावशी. कौमुदीने हरीशने घेतलेली मोरपंखी साडी नेसली होती. ती पुढे आली, पाळण्यावर वाकली, पोरीच्या कपाळापर्यंत बोटं पोचणार...

"तू नको!"

माईंनी तिचं मनगट धरून मागे ओढलं. बांगडी फुटली.

"अश्लेषा, तू ये गं पुढे. तू बस आत्याच्या जागी."

मंडळातली अश्लेषा गोंधळून जागची हलेना. कौमुदीने सुमितकडे पाहिलं. सुमितने जमिनीकडे पाहिलं.

"नाही," मुताले म्हणाली. "वहिनी नाव ठेवणार. का नको?"

"तुला नाही कळायचं, बाळ. तिला... तिला घाण रोग आहे. तिच्या गोळ्या मी या डोळ्यांनी बघितल्यात. देवाच्या खणात!"

मुतालेने हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने जर्मनमध्ये विचारलं, अगदी खालच्या आवाजात, "तुला हे माहीत होतं?"

"आल्झो... म्हणजे... मुताले, ऐक..."

"आल्झो काय? कपाचा दोरा! मला वाटलं, काही पूजा आहे! तुला माहीत होतं, आणि तू तिला मरू दिलंस रोज?"

"मुताले, नको," कौमुदी पुटपुटली. "तुझी मावशी बसलीये. नको गं..."

पण मुताले मावशीकडेच वळली. आधी जर्मनमध्ये, सगळ्यांना कळेल असं म्हणाली, "एचआयव्ही मला आहे. पुष्कळ वर्षं आहे. त्या गोळ्या माझ्या आहेत." मग माईंसमोर गुडघे टेकून बसली आणि शिकलेल्या मोडक्या मराठीत, शब्द उचलून उचलून ठेवत बोलली :

"आई, गोळी माझी. रोग माझा. वहिनी चांगली. वहिनीने मला लपवलं."

ग्रेस मावशीचा हात तोंडावर गेला. "ब्वाल्यालाही...?" एवढंच विचारलं तिने. मुतालेने होकाराची मान हलवली. इतकी वर्षं भाचीला करणी झाली असं सांगत फिरलेली ती थोराड बाई मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली.

माई बोलल्या तेव्हा आवाज पार चिरकला होता.

"हिच्या हातची पेज मी प्यायले. गुडघे चेपून घेतले हिच्याकडून. मला काही झालं नाही... आणि तुझ्या कपाला मी दोरा बांधला गं!" मग सुमितकडे वळून, "आणि तू रे? पोटचा ना तू माझा? तोंड शिवलं होतं तुझं?"

"आई, तू मुतालेला घराबाहेर..."

"काढलं असतं! काढलंही असतं, एवढी मी वाईट आहे! पण मला वाईट ठरवून तू कोण चांगला झालास? विधवा वहिनीच्या आड लपलास ना!"

सुमितचे डोळे भरले. तो पुढे येऊन कौमुदीच्या पायांवर वाकला. कौमुदी मागे सरली. त्याला माफ करायला तिला वेळ लागणार होता, आणि तो वेळ ती घेणार होती.

तेवढ्यात मुतालेच्या फोनचा गजर वाजला. दिव्याची वेळ, गोळीची वेळ. कुणी हललं नाही.

हलल्या त्या माई. त्यांनी हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला. मग खुंटीवरच्या कौमुदीच्या कोटाच्या खिशात हात घालून बाटली काढली. जिन्यातली ती बादली त्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती, अर्थ तेवढा आज लागला होता. स्वयंपाकघरातून तो दोऱ्याचा कप आणला. दोरा सुटेना, गाठ त्यांनीच घट्ट मारली होती; शेवटी दातांनी तोडला. त्यात पाणी भरलं, आधी स्वतः एक घोट प्यायल्या, आणि मग कप आणि गोळी मुतालेपुढे धरली.

"घे, बाळ. औषध चुकवू नये."

मुताले गोळी गिळेपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या. मग पाळण्यातून नातीला उचलून त्यांनी कौमुदीच्या हातांत ठेवलं. कसलंच वजन नव्हतं त्या जिवाला... आणि तरी कौमुदीने तिला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं.

तिने एका कानात सांगितलं, "अन्वी." दुसऱ्या कानात सांगितलं, "ब्वाल्या." कोपऱ्यातून ग्रेस मावशीचा हुंदका आला.

"कुर्र्र...!" बायका ओरडल्या, आणि रीतीप्रमाणे नाव ठेवणारीच्या पाठीत धपके घालायला पुढे सरसावल्या. पण माईंनी त्यांना हाताने थांबवलं. पहिला धपका त्यांचा होता. त्यांनी मूठ उचलली, आणि ती मूठ कौमुदीच्या पाठीवर पोचेपर्यंत तिचा उघडा तळवा झाला. तो तिथेच राहिला.

"मार ना गं मला," माई तिच्या खांद्याशी तोंड नेऊन कुजबुजल्या. "तूच मार..."

पोरीने कौमुदीचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. कौमुदी जराशी मागे रेलली, त्या तळव्याच्या आधाराने.